बर्फावरचा द्वारपाल : जेम्स फॉस्टर

विद्यार्थिमित्रहो, हॉकी हा शब्द कानी पडताच तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते आम्ही जाणतो. तांबडी धूळ उडविणारे मैदान, हातातील वाकडी काठी, पांढरा चेंडू आणि ध्यानचंद हे नाव. सन १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीवर ८ विरुद्ध १ गोलांनी विजय मिळविला, ही कथा आपल्याकडील प्रत्येक खेळाडू मुलाला मुखोद्गत असते. परंतु त्याच वर्षी, त्याच जर्मनीत, सहा महिने अगोदर आणखी एका हॉकीचे सुवर्णपदक जिंकले गेले होते, आणि ते जिंकून देणाऱ्या गोलरक्षकाचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्या गोलरक्षकाचे नाव जेम्स फॉस्टर. जन्माने तो स्कॉटलंडचा, शिक्षणाने कॅनडाचा, आणि चरितार्थासाठी समुद्र ओलांडून इंग्लंडला गेलेला. ज्या देशाने त्याला खेळ शिकविला, त्याच देशाच्या संघापुढे त्याला एके दिवशी उभे राहावे लागले. ह्या प्रसंगामुळे त्याचे चरित्र आम्हांस विचार करण्याजोगे वाटते, आणि म्हणूनच ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आइस हॉकी हा खेळ गोठविलेल्या बर्फाच्या अंगणात खेळतात. खेळाडूंच्या बुटांखाली पोलादी पाती असतात व त्यांवरून ते वाऱ्याच्या वेगाने घसरत जातात. चेंडूच्या जागी कठीण रबराची एक चपटी चकती असते. तिची रुंदी ३ इंच व जाडी १ इंच. एका वेळी प्रत्येक पक्षाचे सहा गडी बर्फावर असतात, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. गोल ६ फूट रुंद व ४ फूट उंच. ह्या चौकटीपुढे उभ्या असलेल्या गोलरक्षकाकडे ती चकती बंदुकीच्या गोळीसारखी येते. पायांना चामड्याची जाड वेष्टणे व हातांना मोठे मोजे हे त्या काळी त्याचे मुख्य चिलखत असे. तोंडावर मुखवटा घालण्याची रीत गोलरक्षकांत रूढ झाली ती सन १९५९ नंतर. म्हणजे ज्या काळाची गोष्ट आम्ही सांगत आहोत, त्या काळी गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभा राहत असे. हे काम ज्याने पत्करले, त्याच्या धैर्याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही.

जेम्सचा जन्म सन १९०५ मध्ये ग्लासगो शहरी झाला. क्लाइड नदीच्या काठचे हे शहर त्या काळी जहाजबांधणीच्या कारखान्यांनी गजबजलेले होते; परंतु तेथून सुटणाऱ्या जहाजांत परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या सामान्य कुटुंबांचीही दाटी असे. नव्या मुलुखात जमीन मिळेल, काम मिळेल, मुलांचे बरे होईल, ह्या आशेने सहस्रावधी लोक कॅनडाची वाट धरीत. अशाच ओघात जेम्स बालवयात कॅनडात आला, आणि विनिपेग ह्या शहरी वाढला.

विनिपेग हे विस्तीर्ण सपाट प्रदेशाच्या मध्यभागी वसलेले शहर आहे. तेथील थंडीची कल्पना आपल्याला सह्याद्रीवरच्या हिवाळ्यावरून यावयाची नाही. महिनेच्या महिने नद्या गोठून जातात, तळी दगडासारखी घट्ट होतात. आपल्याकडे जशी मुले पीक निघालेल्या शेतात विटीदांडू मांडतात, तशी तेथील मुले गोठलेल्या पाण्यावर हॉकी मांडतात. तथापि कॅनडाचे लोक हा खेळ केवळ मुलांच्या हौसेवर सोडून देत नाहीत. गल्लीतील संघ, मग देवळाचा वा शाळेचा संघ, मग ज्युनियर संघ, मग प्रौढांचा सीनियर संघ, अशी एक पायरीवार व्यवस्था त्यांनी उभी केलेली आहे. पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सन १९१९ पासून ज्युनियर संघांकरिता मेमोरियल चषक ठेवण्यात आला. सीनियर हौशी संघांचा मान म्हणजे ॲलन चषक. ह्या पायऱ्या चढता चढता मुलगा तरुण होतो, आणि वीस-एकवीस वर्षांचा झाला की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय?

हा प्रश्न फॉस्टरपुढेही आला. विनिपेगच्या संघांतून खेळता खेळता गोलरक्षक म्हणून त्याची कीर्ती पसरली. पुढे तो देशाच्या पूर्व टोकास, न्यू ब्रन्सविक प्रांतातील मंक्टन ह्या रेल्वेच्या गावी गेला. तेथील मंक्टन हॉक्स ह्या संघाचे शिक्षक पर्सी निक्लिन हे होते. बचाव पक्का करावा, शिस्त सोडू नये आणि प्रतिपक्षाच्या चुकीची वाट पाहावी, अशी त्यांची खेळण्याची तऱ्हा होती. आणि अशा तऱ्हेच्या खेळात गोलरक्षकावर सर्व इमारतीचा भार असतो. सन १९३३ आणि सन १९३४ अशी लागोपाठ दोन वर्षे मंक्टनने ॲलन चषक जिंकला. एका लहानशा गावाने संपूर्ण कॅनडावर दोनदा मात करावी, ह्यात फॉस्टरचा वाटा केवढा होता हे सांगावयास नको.

मग असा कसबी गडी कॅनडातच व्यावसायिक खेळाडू का झाला नाही, असे तुम्ही विचाराल. ह्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. कॅनडा व अमेरिका मिळून जी सर्वश्रेष्ठ व्यावसायिक संघमाला होती, तीत सन १९३५-३६ च्या हंगामात अवघे आठ संघ उरले होते, आणि त्या काळी प्रत्येक संघ साधारणतः एकच गोलरक्षक बाळगीत असे. म्हणजे एवढ्या मोठ्या देशातील शेकडो गोलरक्षकांसाठी जागा मोजून आठ! त्यातून तो काळ जगभरच्या महामंदीचा. गव्हाचे भाव कोसळलेले, कारखाने थंडावलेले, आणि सशक्त तरुण कामाच्या शोधात गावोगाव हिंडत असलेले. हाती एक कला आहे, परंतु तिला घरच्या बाजारात गिऱ्हाईक नाही, अशी ह्या खेळाडूंची स्थिती होती. आपल्याकडेही शिकलेल्या तरुणांवर असा प्रसंग कितीदा आलेला आम्ही पाहिला आहे.

नेमक्या त्याच सुमारास इंग्लंडात ह्या खेळाचा नवा बहर आला. लंडनमध्ये कृत्रिम बर्फाची मोठमोठी क्रीडागृहे उभी राहिली. वेंब्ली येथील एम्पायर पूल सन १९३४ मध्ये उघडला, आणि हॅरिंगे येथील भव्य क्रीडागृह सन १९३६ मध्ये. संध्याकाळी कामावरून सुटलेले हजारो लोक तिकिटे काढून खेळ पाहावयास येऊ लागले. प्रेक्षक होते, जागा होती, पैसा होता. नव्हते ते कसलेले खेळाडू. इंग्लंडात तळी क्वचित गोठतात, मग मुले खेळ शिकणार कोठे? तेव्हा क्लबांच्या चालकांची दृष्टी साहजिकच कॅनडाकडे वळली. नावाला हे खेळाडू हौशी म्हणविले जात. परंतु दर आठवड्याला त्यांच्या हाती जे मानधन पडे, त्यावर त्यांचे घर चाले. सन १९३५ मध्ये निक्लिन हे लंडनजवळील रिचमंड हॉक्स ह्या संघाचे शिक्षक म्हणून गेले, आणि त्यांच्यामागून फॉस्टरही गेला. ज्या ब्रिटनमधून तो लहानपणी गेला, त्याच ब्रिटनला तो तिसाव्या वर्षी कसबी कारागीर होऊन परतला.

येथूनच वादाला तोंड फुटले. कॅनडातील हौशी हॉकीच्या संघटनेचा नियम असा होता की, कोणत्याही खेळाडूने संघटनेच्या परवानगीवाचून दुसऱ्या देशाच्या संघात जाऊ नये. अनेक तरुण परवानगीची वाट न पाहता निघून गेले, म्हणून संघटनेने त्यांच्यावर बहिष्कार घातला. फॉस्टर आणि विनिपेगलाच वाढलेला त्याचा सहकारी ॲलेक्स आर्चर हे दोघे त्या यादीत होते. इकडे ब्रिटिश संघटनेचे चिटणीस आहर्न हे मोठे चतुर गृहस्थ. ब्रिटनमध्ये जन्मलेले परंतु कॅनडात वाढलेले खेळाडू कोणते, ह्याची त्यांनी बारकाईने टिपणे ठेवली होती असे सांगतात. अशा खेळाडूंना जन्माच्या हक्काने ब्रिटनच्या ऑलिम्पिक संघात घेता येत होते.

ह्या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता? आम्हांस दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलून पाहावेसे वाटते. कॅनडाच्या संघटनेचे दुःख खोटे नव्हते. दहा-बारा वर्षांच्या पोराला ज्यांनी पायांत पाती बांधून उभे राहावयास शिकविले, ज्यांनी थंडीत उभे राहून त्याच्या चुका सुधारल्या, त्यांच्या हातून तयार फळ दुसऱ्याने तोडून न्यावे, हे कोणास रुचेल? परंतु खेळाडूचीही बाजू आहे. ज्या संघटनेजवळ त्याला देण्यास भाकर नाही, तिने त्याच्या पायांत बेडी घालावी हेही न्यायाचे नव्हे. शिकविणाऱ्याचा शिष्यावर हक्क असतो, तो कृतज्ञतेचा असतो, मालकीचा नसतो. शिक्षकाचा पेशा करीत असल्यामुळे हे वाक्य लिहिताना आम्हांस थोडे जड जाते. तरीही ते खरे आहे असेच आम्ही म्हणतो.

सन १९३६ च्या फेब्रुवारी महिन्यात बव्हेरियाच्या डोंगरांतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे हिवाळी ऑलिम्पिक सामने भरले. कॅनडाने १९२०, १९२४, १९२८ आणि १९३२ अशी चारही वेळा ह्या खेळाचे सुवर्णपदक नेले होते; पाचवे पदक त्यांचेच, असे जो तो मानून चालला होता. सामन्यांच्या तोंडावर कॅनडाने फॉस्टर व आर्चर ह्यांच्या समावेशास हरकत घेतली, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने ती उचलून धरली. ब्रिटनने आपला संपूर्ण संघच काढून घेण्याची भाषा केली. बरीच ओढाताण झाल्यानंतर कॅनडाने त्या सामन्यांपुरती आपली हरकत मागे घेतली, आणि फॉस्टर गोलापुढे उभा राहिला. ह्या उदारतेबद्दल कॅनडाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. कारण तिची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागणार होती.

ब्रिटनच्या संघाचा कप्तान कार्ल एर्हार्ट हा वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी करण्याच्या बेतात होता. संघातील बहुतेक गडी मात्र जन्माने ब्रिटिश व शिक्षणाने कॅनेडियन. शिक्षक निक्लिनच होते. पहिल्या फेरीत स्वीडनवर १ विरुद्ध ० आणि जपानवर ३ विरुद्ध ० असा विजय मिळाला. त्यानंतर ११ फेब्रुवारी रोजी तो दिवस उगवला, ज्याकरिता एवढा वाद माजला होता : ब्रिटन विरुद्ध कॅनडा.

कॅनडाच्या वतीने पोर्ट आर्थर बेअरकॅट्स हा संघ आला होता. सामना सुरू होऊन एक मिनिट होते न होते तोच ब्रिटनच्या जेरी डेव्हीने गोल केला. गंमत अशी की, हा डेव्ही स्वतः पोर्ट आर्थर गावीच जन्मलेला! कॅनडाने लवकरच बरोबरी साधली, आणि मग त्यांच्या हल्ल्यांचा पूर लोटला. लाट येऊन खडकावर आपटावी व फुटून मागे जावी, तसा प्रकार सुरू झाला. फॉस्टर कधी गुडघ्यांवर, कधी आडवा, कधी हात पसरून, पण चकतीच्या वाटेत हटकून हजर. घाई नाही, आरडाओरडा नाही. शेवटचा डाव संपावयास जेमतेम दीड मिनिट उरले असता, केंट परगण्यात जन्मलेल्या व कॅनडात वाढलेल्या एडगर ब्रेंचलीने ब्रिटनचा दुसरा गोल केला. उरलेला वेळ फॉस्टरने दार बंद ठेवले. ब्रिटन २, कॅनडा १. ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा हा पहिला पराभव होता, आणि तो कॅनडाच्याच विद्यार्थ्यांनी केला होता.

पुढील सामने सोपे नव्हते. यजमान जर्मनीशी जादा वेळ खेळूनही १-१ अशी बरोबरी झाली. हंगेरीचा ५ विरुद्ध १ असा पाडाव झाला. अंतिम गटात चेकोस्लोव्हाकियाला ५ विरुद्ध ० असे हरविले. त्यानंतर अमेरिकेशी गाठ पडली. ठरलेले तिन्ही डाव संपले, त्यावर जादा डाव झाले, तरी एकाही बाजूस गोल होईना. अखेर ० विरुद्ध ० अशी बरोबरी मान्य करण्यात आली. एवढा वेळ एकही चूक न करता उभे राहणे ही केवळ अंगाच्या बळाची कसोटी नव्हे, मनाची आहे. सात सामन्यांत ब्रिटनविरुद्ध अवघे तीन गोल झाले, आणि चार सामन्यांत तर एकही नाही, एवढे आकडे सांगितले म्हणजे पुरे.

शेवटचा प्रसंग मोठा विलक्षण घडला. आधीच्या फेरीतील ब्रिटन-कॅनडा सामन्याचा निकाल अंतिम गटातही धरावयाचा, असा नियम होता. कॅनडाच्या मंडळींचा समज वेगळा होता, म्हणून त्यांनी तक्रार केली. ती फेटाळली गेली. आता राहिला कॅनडा व अमेरिका ह्यांचा सामना. त्यात अमेरिका जिंकली असती, तर तिचे गुण ब्रिटनच्या बरोबरीचे झाले असते आणि सुवर्णपदक धोक्यात आले असते. आपल्याला आता सोने मिळत नाही असे वाटून कॅनडाचे गडी ढिलाईने खेळले असते, तरी त्यांना कोणी फारसा दोष दिला नसता. परंतु ते मन लावून खेळले आणि १ विरुद्ध ० असे जिंकले. त्या विजयाने त्यांना रौप्यपदक मिळाले, आणि ब्रिटनचे सुवर्णपदक पक्के झाले. ज्यांनी फॉस्टरला घडविले, त्यांच्याच प्रामाणिक खेळाने त्याच्या पदकावर शेवटची मोहोर उठली. शत्रुत्वाच्या दिवसांतही ज्याचे त्याचे काम चोख करण्याने केवढे भले होते, ह्याचा हा नमुना आम्हांस फार मोलाचा वाटतो.

ऑलिम्पिकनंतर फॉस्टर हॅरिंगे ग्रेहाउंड्स ह्या संघाकडून खेळू लागला. सन १९३७ मध्ये लंडनला व सन १९३८ मध्ये प्राग येथे झालेल्या जागतिक सामन्यांत ब्रिटनने दुसरा क्रमांक मिळविला. दोन्ही वेळा पहिला क्रमांक कॅनडाचा. गुरूने आपले स्थान परत घेतले म्हणावयाचे! पुढे सन १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. परदेशी खेळाडू पांगले, आणि फॉस्टरही कॅनडास परतून तेथील संघांत काही काळ खेळला. सन १९५० मध्ये ब्रिटनच्या हॉकीतील मानकऱ्यांच्या नामावलीत त्याचे नाव समाविष्ट झाले. सन १९६९ मध्ये त्याचे देहावसान झाले.

त्याच्यामागे त्या सुवर्णपदकाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनला तसे पदक पुन्हा मिळाले नाही. युद्धानंतर तेथील क्रीडागृहे पुन्हा गजबजली, पुन्हा कॅनडाहून गडी आले. परंतु सन १९६० मध्ये ती व्यावसायिक संघमाला बंद पडली. ह्याचे एक मोठे कारण आम्हांस असे दिसते की, इंग्लंडातील क्लबांनी तयार पाणी विकत आणले, पण स्वतःची विहीर खोदली नाही. परदेशी गुणवंतांनी सामने जिंकून दिले. गल्लीतील पोरांच्या पायांत पाती बांधण्याचे संथ व कष्टाचे काम त्या प्रमाणात झाले नाही. पाहुण्याच्या बळावर एक सण साजरा होतो, संसार चालत नाही.

फॉस्टरसारखे कितीतरी तरुण त्या दशकात समुद्रापार गेले. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. कोणी दोन हंगाम खेळला, कोणी दुखापत होऊन परतला, कोणी तेथेच संसार थाटून राहिला. ते काही साहसाच्या लोभाने निघालेले वीर नव्हते. अंगी असलेल्या गुणावर पोट भरावे एवढीच त्यांची साधी इच्छा होती. ती इच्छा आम्हांस यत्किंचितही हीन वाटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, दरवर्षी निरोपसमारंभाच्या दिवशी आम्ही ह्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे पाहतो. त्यांपैकी कोणी मुंबईस जाईल, कोणी आखाती देशांत, कोणी त्याहूनही दूर; आणि जे आम्ही शिकविले ते दुसऱ्याच कोणाच्या उपयोगी पडेल. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आमच्या मनात थोडीशी कॅनडाची संघटना जागी होते. मुले गेली, गाव ओस पडले, असे वाटून जीव चुटपुटतो. अशा वेळी आम्ही ह्या गोलरक्षकाचे स्मरण करतो. त्याने ज्या संघाचा अंगरखा घातला, त्याच्याशी तो एकनिष्ठ राहिला. समोर आपले जुने गाववाले आहेत म्हणून त्याने एकही चकती जाणूनबुजून सोडली नाही. त्याने कॅनडाविरुद्ध जो खेळ केला, तो कॅनडाच्या शिक्षणाचा अपमान नव्हता. त्या शिक्षणाचे त्याहून उघड प्रमाणपत्र दुसरे कोणते असणार?

तेव्हा तुम्हांपैकी जे दूर जातील, त्यांनी संकोच बाळगू नये. मात्र जेथे उभे राहाल तेथे फॉस्टरसारखे उभे राहा. आणि जे मागे राहतील, त्यांनी गोठलेल्या तळ्यावर पुढच्या पोराच्या पायांत पाती बांधण्याचे काम सोडू नये. पहिल्या कामाची वर्तमानपत्रे दखल घेतात, दुसऱ्याची घेत नाहीत. परंतु विनिपेगच्या थंडीत ते दुसरे काम कोणी तरी मुकाट्याने केले होते, म्हणूनच गार्मिशच्या बर्फावर एक द्वारपाल उभा राहू शकला.